घरात घरचे असतील तरच

उन्हाळ्याची सुट्टी लागली की अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळातली काही कुटुंबं वायोमिंग-मोंटानाकडे जातात. ओंडक्यांच्या जुन्या खोल्यांत उतरतात, मुलं घोड्यावर बसायला शिकतात, संध्याकाळी रँचच्या मालकांसोबत एकाच लांब टेबलावर जेवतात आणि परत आल्यावर महिनाभर त्याच गोष्टी सांगतात. भारतभेटीत हीच कुटुंबं मुंबईत आली की त्यांना विमानतळाजवळचं हॉटेल नाहीतर नातेवाइकांचा मीरा रोडचा फ्लॅट एवढंच सुचतं. त्या फ्लॅटपासून थोड्या अंतरावर, त्याच मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत, डोंगरी आहे, उत्तन आहे, पाली आणि चौक आहेत. तिथे कित्येक पिढ्यांची कौलारू घरं अजून उभी आहेत. त्यांत माणसं राहतात आणि घरात मराठी बोलतात. ही घरं टिकायची असतील तर त्यांत पाहुण्यांनी पैसे देऊन राहायला जावं, असं मला ठामपणे वाटतं. पण पाहुणा येईल तेव्हा घरमालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असायला हवं. ही अट सुटली तर पाहुण्यांमुळे घर वाचणार नाही, उलट लवकर जाईल.

अमेरिकेतल्या रँचवर पाहुणे ठेवायची पद्धत कशी पडली, ते आधी बघू. पिट्सबर्गहून आलेल्या ईटन भावांनी १८७९ च्या सुमारास डाकोटाच्या मुलखात, मेडोरा गावाजवळ गुरं पाळायला सुरुवात केली. पूर्वेकडचे मित्र भेटायला यायचे आणि आठवडेच्या आठवडे मुक्काम करायचे. अखेर पाहुण्यांनाच संकोच वाटू लागला आणि त्यांनी राहण्याजेवण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात त्या मुलखातली गुरं कळपाच्या कळप मेली आणि गुरांच्या धंद्यावर विसंबलेली अनेक कुटुंबं उठून गेली. ज्यांच्याकडे पाहुणे येत होते त्यांना मात्र आधार राहिला. ईटन कुटुंब १९०४ मध्ये वायोमिंगमधल्या वुल्फ इथे, बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी गेलं, आणि ती रँच आजही त्याच कुटुंबाकडे आहे. १९२६ मध्ये अशा रँचमालकांनी आपली संघटना स्थापन केली. नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेनं तिला हात दिला, कारण रेल्वेलाही प्रवासी हवे होते. मूळ धंदा बुडत असताना कुटुंबाला जमीन आणि घर सोडावं लागू नये, एवढ्यासाठी हा जोडधंदा उभा राहिला. आज ज्या खोल्यांना आपण ऐतिहासिक म्हणतो त्या अशा नडीतून टिकल्या आहेत.

जिथे कुटुंब राहिलं नाही तिथे काय झालं, हेही त्याच वायोमिंगमध्ये बघायला मिळतं. ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानात व्हाइट ग्रास नावाची रँच आहे. १९१३ साली ती सुरू झाली आणि १९८५ मध्ये शेवटचे मालक वारेपर्यंत तिथे पाहुणे येत राहिले. त्यानंतर ती उद्यानाच्या ताब्यात गेली. जगातल्या सर्वात श्रीमंत देशाचं राष्ट्रीय उद्यान मालक असूनही जवळजवळ दोन दशकं त्या खोल्या मोडकळीला येत राहिल्या. पुढे मोठा खर्च करून त्यांची दुरुस्ती झाली आणि आता तिथे जुन्या इमारती कशा जपाव्यात याचं प्रशिक्षण दिलं जातं. खोल्या वाचल्या याचा आनंद आहेच, पण त्या ज्यासाठी बांधल्या होत्या ते जगणं परत आलेलं नाही.

कौलारू घराच्या बाबतीत हा धोका कितीतरी जास्त. आपल्याकडे दर वर्षी पावसाआधी कौलं परतावी लागतात, फुटकी बदलावी लागतात, वाशांना आणि रिपांना वाळवी लागली का ते बघावं लागतं. चूल पेटते, केर निघतो, दारं-खिडक्या उघडतात तोवर घर कोरडं राहतं. एक कौल सरकलं आणि बघायला कुणी नसलं, तर कोकणपट्टीतल्या पावसाला दोन-चार वर्षं पुरतात. आपल्यातल्या अनेकांच्या गावच्या घरांना कुलूप आहे, त्यांना हे सांगायची गरज नाही.

आता मीरा-भाईंदरकडे. माझं बालपण भाईंदरात गेलं, तेव्हा स्टेशनच्या बाहेर पडलं की मिठागरं दिसत. १९८५ मध्ये नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत सव्वापाच लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे हे शहर म्हणजे इमारतींची गर्दी. पण भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली की मुर्धे, राई, मोर्वे ही आगरी गावं लागतात आणि पुढे डोंगरीपासून वेगळाच मुलूख सुरू होतो. हे जुनं धारावी बेट. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेनं या बेटासाठी पोर्तुगीजांशी पुन्हापुन्हा झुंज घेतली. चौकच्या टेकडीवर त्या किल्ल्याचे अवशेष आहेत. डोंगरीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेतकरी, उत्तनला ख्रिस्ती कोळी. सुक्या हंगामात किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असतात. उन्हाळ्यात बाटली मसाला कुटला जातो, सणाला फुगे तळले जातात, ऑक्टोबरात आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात.

आपल्या मंडळांनी या घरांकडे मराठी घर म्हणून कधी नीट पाहिलेलंच नाही. गणपती, गुढीपाडवा, दिवाळी या त्रिकोणाबाहेरचं मराठीपण आपल्या कार्यक्रमांत क्वचित दिसतं. वसईजवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही आपल्यापैकी काहींना ख्रिस्ती माणूस आणि मराठी लेखक यांची सांगड नवीन वाटली होती. अमेरिकेत वाढलेल्या मुलाला उत्तनच्या घरात दोन रात्री राहून आजीच्या तोंडची बोली ऐकायला मिळाली, तर मराठी माणूस किती तऱ्हांचा असतो हे त्याला आपल्या भाषणांपेक्षा चांगलं कळेल.

या पट्ट्यात पर्यटन नाही असं नाही. गोराई-उत्तनच्या बाजूला शनिवार-रविवारी भाड्यानं मिळणारे बंगले पुष्कळ आहेत. मालक दूर शहरात, किल्ल्या रखवालदाराकडे, शुक्रवारी रात्री गाड्या येतात, पहाटेपर्यंत गाणी वाजतात, सोमवारी कचरा उरतो. रविवारी सकाळी मिस्साला निघालेल्या म्हाताऱ्यांना या गाड्यांमधून वाट काढावी लागते. गावाला त्यातून रखवालदाराचा पगार मिळाला तर मिळाला. माझा विरोध या प्रकाराला आहे, आणि परदेशातून इंटरनेटवर खोली शोधताना आपल्यासमोर बहुधा हेच बंगले येतात.

गावकऱ्यांना पर्यटन नकोच आहे असा समज करून घेणंही चूक ठरेल. गोराई परिसरात सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, आणायचा बेत झाला, नंतर गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्यात पर्यटन क्षेत्र विकसित करायचा आराखडा पुढे आला. दोन्ही वेळा गावांनी विरोध केला, धारावी बेट बचाव समितीनं तो नेटानं चालवला. त्यांचं बरोबर होतं, असं मला वाटतं. त्या आराखड्यांत गावच्या माणसाचं स्थान नोकराचं होतं, यजमानाचं नव्हतं. घर त्याचं, चूल त्याची, पाहुण्याला हो म्हणायचं की नाही हे ठरवणारा तोच, अशी रचना कुणी त्यांच्यापुढे ठेवलीच नाही.

सर्वात चटकन पटेल असा मुद्दा हिशेबाचा आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, आणि घरात येणारा पैसा थांबलेला. कोळी कुटुंबाच्या हातात वेळ असतो आणि गरजही असते ती याच दोन महिन्यांत. अमेरिकेतल्या आपल्या मुलांची शाळेची सुट्टीही जून-जुलैतच. आपण त्याच काळात भारतात जातो, पावसाला नावं ठेवत मॉलमध्ये फिरतो. त्याऐवजी तीन-चार दिवस उत्तनला राहिलो, तर जाळं कसं विणतात, भाताची लावणी कशी होते, खवळलेला समुद्र कसा दिसतो हे मुलांना बघता येईल आणि त्या घराला बंदीच्या महिन्यात चार पैसे मिळतील. ईटन कुटुंबाला पाहुण्यांनी जो आधार दिला तो नेमका असाच होता.

पण पाहुण्याच्या पैशानं घर पडतंही, हे कोकणात आपण पाहिलं आहे. दिवेआगर, नागाव, गुहागर इथे वाड्यांच्या तोंडाशी घरगुती राहण्याजेवणाच्या सोयीच्या पाट्या लागल्या, तेव्हा पाहुणा पडवीत झोपायचा, ओटीवर उकडीचे मोदक खायचा. धंदा वाढला तशा मागे सिमेंटच्या खोल्या आल्या, मग अनेक ठिकाणी पुढचं कौलारू घरही पाडून स्लॅब पडला. त्या यजमानांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. पाहुण्यांनी एसी मागितला, प्रत्येक खोलीला वेगळं न्हाणीघर मागितलं, टाइल्स मागितल्या, जुनं घर कुणीच मागितलं नाही. वायोमिंगच्या रँचवर आपण टीव्ही नसलेल्या, लाकडी भिंतींच्या खोलीसाठी भरपूर पैसे मोजतो आणि तक्रार करत नाही. तीच सहनशीलता आपल्या गावच्या घरात दाखवली पाहिजे. स्वच्छ न्हाणीघर, मच्छरदाणी, उकळलेलं पाणी एवढं मागायचा हक्क पाहुण्याला आहेच. त्यापुढचं मागताना आपण यजमानाला घर पाडायला सांगतोय का, हा विचार व्हावा.

घर न पाडता पाहुणे ठेवता येतात. गिरगावच्या खोताच्या वाडीत एकामागून एक बंगला पडत असताना फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांनी स्वतः राहत्या घरात पाहुण्यांना खोल्या दिल्या. सावंतवाडीच्या राजघराण्यानं राजवाड्याच्या आवारात मोजक्या खोल्या पाहुण्यांना खुल्या केल्या, आणि तिथेच गंजिफा रंगवणारे कारागीरही काम करतात. गोव्यात लोटलीला फिगरेडो कुटुंबाच्या शतकानुशतकांच्या घरात पाहुणे उतरतात. ही मोठ्या घराण्यांची उदाहरणं आहेत, हे मान्य. म्हणूनच चार खोल्यांच्या कोळ्याच्या घरासाठी सरकारचे नियम मदतीचे असायला हवेत. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनं ग्रामीण किनाऱ्यावरच्या स्थानिकांना जोतं आणि दर्शनी रूप न बदलता राहत्या घरात पाहुणे ठेवायची मुभा दिली. ही दिशा मला योग्य वाटते. महापालिकेच्या हद्दीत अडकलेल्या जुन्या गावठाणांनाही ती तितक्याच सोप्या शब्दांत मिळायला हवी.

शेवटी आपल्या स्वतःच्या घरांबद्दल. गावच्या घराच्या कागदावर आपलं नाव असतं, तिथे राहतो चुलतभाऊ किंवा आत्या, आणि दुरुस्तीचा विषय निघाला की वाटणीचा वाद आड येतो. मग कुणीतरी सुचवतं की एखाद्या कंपनीला भाड्यानं देऊन टाकू. तसं करू नका. जो तिथे राहतो त्यालाच यजमान होऊ द्या. वारसनोंदी पूर्ण करा, सर्वांच्या सह्यांनी साधा लेखी करार करा, पाहुण्यांचं उत्पन्न त्याच्याकडे राहू द्या आणि कौलांचा व वाशांचा खर्च आपण वाटून उचला. इथून आपल्याला परवडणारी ती रक्कम तिथे एक छप्पर वाचवू शकते. भाऊ पाहुणे ठेवायला तयार नसेल तर त्याच्यावर लादू नका, दुरुस्तीचे पैसे तरीही पाठवा.

मंडळानं पुढच्या अंकासाठी अशा घरांची माहिती गोळा करावी, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. उत्तन, डोंगरी, वसई, अलिबाग, मालवण, कुठलंही चालेल. जात, धर्म, घराचा थाट काहीही असो. यजमानांची परवानगी घेऊनच नाव द्यावं आणि यजमान कुटुंब त्याच घरात राहत असल्याची खात्री आपल्यापैकी कुणीतरी स्वतः तिथे जाऊन करावी. ज्यांना असं घर ठाऊक आहे त्यांनी जानेवारीअखेर संपादकांना कळवावं, म्हणजे येत्या जूनच्या तिकिटांआधी यादी सर्वांच्या हाती पडेल.