माळ गळ्यात, विडी खिशात

माउली, आपल्या दिंड्यांतून एक युक्तिवाद वर्षानुवर्षे चालत आला आहे : "माळ घातली, दारू-मटण सोडले, एकादशी चुकत नाही, मग एवढ्याशा विडीचे काय घेऊन बसलात?" मी स्वतः तो ३० वर्षे केला, म्हणून त्यातली लबाडी मला आतून ठाऊक आहे. गाथेचे पारायण करणाऱ्याने तरी तो करू नये. तंबाखूच्या धुराला तुकोबारायांनी स्पष्ट फटकारले आहे. आपण तेवढे पान भरकन उलटतो.

पण माझे खरे भांडण आम्हा कीर्तनकारांशी आहे. नारदाच्या गादीवरून आम्ही विडी ओढणाऱ्याला नरक दाखवतो, मंडपात हशा पिकतो, आणि तो बिचारा राहुटीमागे जाऊन दोन विड्या जास्त ओढतो. मीही आरती झाली की काडेपेटी शोधत असे. आवाज फाटू लागला, वरची चाल टाळकऱ्यांनी उचलून माझी लाज राखली, तरी दोष मी थंडीलाच देत होतो!

"सोडायचीच नाही" म्हणणाऱ्याला मी शपथ घालत नाही. शपथ मोडली की माणूस देवालाही तोंड चुकवतो. एवढेच सांगतो : पहाटेची पहिली विडी काकडा होईपर्यंत लांबवा. पुढच्या आठवड्यात न्याहारीपर्यंत. तल्लफ काही मिनिटांची असते, तेवढ्यात हरिपाठाचे चार अभंग होतात. मात्र उरलेल्या विड्या खोल ओढून कसर भरून काढू नका. आणि कमी करणे हा वाटेतला मुक्काम आहे, पंढरपूर नव्हे.

पूर्ण सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. आळंदीहून पंढरपूरला पोचायलाही अडीच-तीन आठवडे लागतातच की! एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, डॉक्टरांकडे औषधेही आहेत. ती घेतल्याने भक्तीला उणेपणा येत नाही.

माझी चार वेळा सुटून पुन्हा लागली. पाचव्या खेपेस वारीत आमच्या विणेकऱ्यांनी काही न बोलता माझी काडेपेटी स्वतःकडे ठेवून घेतली. विडी पेटवायची तर त्यांच्याकडे जावे लागे. रोज रात्री विचारीत, "बुवा, आज किती?" त्यांच्याशी खोटे बोलवत नसे. वाखरीच्या तळावर त्यांनी काडेपेटी परत देऊ केली. मी घेतली नाही.