ओळख : अर्धी आणि पुरी



नेवासा फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत असता एखादे गृहस्थ पुढे येऊन ‘राम राम, शेठजी’ म्हणतात. चेहरा परिचयाचा, परंतु नाव आणि गाव काही केल्या स्मरत नाही. गाडी निम्म्या वाटेवर आल्यावर एकदम उलगडा होतो : हे तर दर दिवाळीला आपल्या पेढीवर कापड घेणारे गिऱ्हाईक!

मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मँडलर यांनी १९८० मध्ये असेच, बसमध्ये दिसलेल्या ओळखीच्या दुकानदाराचे उदाहरण देऊन ओळखण्याची दोन अंगे दाखविली. ‘यांना पूर्वी पाहिले आहे’ ही केवळ परिचयाची जाणीव. आणि कोठे, केव्हा, कोणाबरोबर, हे स्मरण. मेंदूत कानशिलामागे खोलवर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. प्रसंगाचे धागे जुळविण्याचे काम मुख्यतः त्याचे. परिचयाच्या जाणिवेत त्याच्या शेजारच्या पेरिऱ्हायनल कॉर्टेक्सचा मोठा वाटा असतो, असे अनेक संशोधक मानतात. दुकानाबाहेर ती व्यक्ती भेटली की दुकानाची खूण नसते, म्हणून स्मरण अडते.

ओळखीचा विचार आपल्या परंपरेलाही नवा नाही. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या विवेचनात स्मृतीबरोबर ‘संज्ञा’ येते. जैन न्यायात तिलाच प्रत्यभिज्ञान म्हणतात. समोरचे दर्शन आणि पूर्वीचे स्मरण यांची सांगड पडली, तरच ‘हा तोच’ हे ज्ञान होते, असे आचार्य माणिक्यनंदींनी परीक्षामुखात सांगितले आहे.

व्यापाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. चेहरा ओळखीचा वाटणे म्हणजे व्यवहार चोख असणे नव्हे. वारंवार दिसलेल्या माणसावर मन आपसूक विश्वास ठेवते. म्हणून उधारी देण्यापूर्वी खातेवही उघडावी.

दुसरी गोष्ट घरातली. वाढत्या वयात परिचयाच्या जाणिवेपेक्षा प्रसंगाचे स्मरण अधिक उणावते. गादीवर बसलेले वडील गिऱ्हाइकाचे नाव विसरले, तर चारचौघांत ‘एवढेही आठवत नाही का?’ असे विचारू नये. ‘बाबा, हे अमक्या गावचे, गेल्या वर्षी लग्नाचा बस्ता बांधायला आले होते’, एवढी खूण हळूच द्यावी. बहुधा पुढचे सारे तेच सांगतील. मात्र घरचीच माणसे ओळखू येईनाशी झाली, तर ‘वयाचा परिणाम’ म्हणून स्वस्थ न बसता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

ज्यांनी आयुष्यभर हजारो चेहरे ध्यानी ठेवून पेढी उभी केली, त्यांना एक खूण देणे आपल्याला जड नसावे.