अहवाल कुणाच्या मोबाईलवर जातो?

आंदर मावळातील वा नाणे मावळातील एखादी स्त्री रक्ततपासणीसाठी कामशेत किंवा वडगावला येते, तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडकीत आधी विचारले जाते, ‘मोबाईल नंबर?’ तिच्याजवळ स्वतःचा फोन नसला, तर दिराचा क्रमांक दिला जातो. संध्याकाळी अहवाल दिराच्या व्हॉट्सॲपवर पोहोचतो. हिमोग्लोबिनचा असेल तर फारसे बिघडत नाही. गर्भधारणेचा किंवा क्षयाचा असेल, तर तिने कुणाला काही सांगण्यापूर्वीच घरभर चर्चा झालेली असते. पुढे क्रमांक बदलला जात नाही, आणि नंतरचे अहवालही तिकडेच जात राहतात.

लोणावळ्यात चिक्की घेताना बिलासाठी क्रमांक मागितला, तर आपण नाही म्हणून मोकळे होतो. दवाखान्यात तसे धाडस होत नाही. आजारी माणूस विचारतील ते सांगतो.

संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. आपली कोणती माहिती संस्थेकडे आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा, कारण संपल्यावर पुसून घेण्याचा अधिकार त्यात आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि मला तेच कलम सर्वांत मोलाचे वाटते. संमतीची सूचना मराठीतून मागता येईल, हीही तरतूद आहे. मात्र नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या अधिकारांच्या अंमलबजावणीला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे.

तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास डॉक्टरने ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावयाची असतात. ‘आभा’चा चौदा अंकी क्रमांक काढणे ऐच्छिक आहे; त्यावरून नोंदी पाहण्यास दिलेली संमती ॲपमधूनच मागे घेता येते.

क्रमांक बदलण्यासाठी अर्धा कागद पुरतो. नाव, तपासणीची तारीख, पावतीचा क्रमांक आणि खाली इतकेच लिहावे: ‘माझ्या नोंदीतील मोबाईल क्रमांक काढून टाकावा. यापुढील अहवाल छापील प्रतीत, माझ्याच हाती द्यावेत. तपासणीच्या जाहिराती पाठवू नयेत.’ सही करावी, दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेऊन ती जपून ठेवावी. एवढ्यासाठी आधारची छायांकित प्रत मागितली, तर मूळ पावती दाखवून तेवढ्यावर काम करण्याचा आग्रह धरावा. माहिती कमी करायला जाऊन आणखी एक कागद त्यांच्या फायलीत कशाला? ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी असे छापील कागद प्रत्येक दवाखान्याने खिडकीतच ठेवावेत. खर्च नगण्य आहे.

एक मात्र सांभाळावे. पुसायचा आहे तो क्रमांक. जुने अहवाल नव्हे. पाच वर्षांपूर्वीची साखर, क्रिएटिनिन, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठले होते ती नोंद, हे सारे पुढच्या उपचाराला लागते. त्यांच्या प्रती आधी स्वतःच्या हाती घ्याव्यात, मगच अर्ज द्यावा.