गाडीचा दुसरा प्लग

आजची नोंद शेतातली नाही, शांती नगरातली आहे. पण मोटारसायकल आपल्या प्रत्येकाच्या दारात आहे, म्हणून इथंच लिहितोय.

श्रावणात केळीची पानं आणि थोडा भाजीपाला घेऊन मी आगाशीहून हायवेने खाडी ओलांडून मीरा रोडला जातो. बहीण शांती नगरात राहते. भाचा गाडीवर घरपोच सामान पोचवायचं काम करतो. दिवसाला शंभरेक किलोमीटर होतात. मागच्या खेपेला गेलो तर तोंड पाडून बसलेला. म्हणाला, "मामा, गाडी ओढतच नाय. ॲव्हरेज पंचेचाळीसवरून अडतीसवर आलंय. गॅरेजात दाखवली, प्लगपण नवीन टाकला."

मी विचारलं, "कुठला प्लग?"

पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. गाडीला दोन प्लग आहेत हेच त्याला माहीत नव्हतं.

पुण्याच्या बजाजने २००३ साली पल्सर डीटीएस-आय आणली, तेव्हापासून एका सिलिंडरला दोन प्लग असलेल्या गाड्या गावोगाव झाल्या. २०१२ च्या पल्सर २०० एनएसला तर तीन प्लग. कारण सरळ आहे. ठिणगी एकाच बाजूने पडली तर जाळ पलीकडे पोचायला वेळ लागतो. दोन्हीकडून पडली की पेट्रोल लवकर आणि पुरतं जळतं.

पण यात एक मेख आहे. एका प्लगची गाडी प्लग मेला की जागेवर थांबते. दोन प्लगची थांबत नाही. एक मेला तरी दुसऱ्यावर रेटत राहते, नुसती ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त पिते. त्यातून एक प्लग बहुतेक गाड्यांत समोर दिसतो, दुसरा आत खोल असतो. मग बदलला जातो तो दिसणारा. ठिबकचं असंच होतं ना? पहिल्या नळ्या आपण रोज बघतो आणि शेवटची चोंदलेली कळते ती रोपं माना टाकतात तेव्हा.

भाच्याचा हिशेब मांडला. अडतीसने शंभर किलोमीटरला दोन लिटर सहाशे तीस मिली, पंचेचाळीसने दोन लिटर सव्वादोनशे. रोजचं चारशे मिली जास्त. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर आहे. म्हणजे महिन्याला हजार रुपये नुसते धुरात. प्लगची जोडी त्याच्या निम्म्यातही येते.

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात गाडी लावली. वॉचमन लगेच आला, "इथं गाडी खोलायची नाय, ऑइल सांडतं." त्याचंही बरोबर आहे. पण प्लग बदलताना ऑइल काढावंच लागत नाही. खाली पोतं अंथरलं, त्याला दाखवलं, मग तोच शेवटपर्यंत बघत उभा राहिला.

काम असं केलं. गाडी रात्रभर थंड होती. गरम इंजिनावर प्लगला हात लावू नका, हात भाजतो आणि ॲल्युमिनियमचे आटे खराब होतात. सीट काढली, टाकीचा मागचा बोल्ट सोडून टाकी थोडी वर उचलली, खाली लाकडी ठोकळा दिला. एवढ्याने हात शिरायला जागा झाली. प्लगची टोपी वायर धरून ओढायची नाही, टोपीच धरून हलवत काढायची. खोबणीत चिखल साचला होता. पावसात शांती नगरच्या रस्त्यांवर पाणी भरतं, त्यातून रोजची ये-जा. सायकलच्या पंपाने हवा मारून खोबण आधी साफ केली. हे चुकवलं तर प्लग सुटताच खडा सरळ सिलिंडरमध्ये पडतो. मग लांब प्लग पान्याने हळूहळू सोडवला.

बाहेर आला तो काळाकुट्ट, टोक झिजून गोल झालेलं. चांगला चाललेला प्लग फिक्या तपकिरी रंगाचा असतो. कोरडी काजळी असेल तर एअर फिल्टर बघा. ओला तेलकट असेल तर ऑइल वर येतंय. पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय. फवारणी पंपाचा प्लग आपण असाच वाचतो, यात नवीन काहीच नाही.

नवीन प्लगचा गॅप गाडीच्या पुस्तकात बघून तपासला. आता खोल खड्ड्यात हात पोचत नसताना तो सरळ बसवायचा कसा? प्लगच्या वरच्या टोकाला पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा लावला आणि बोटांनी फिरवला. प्लग वाकडा लागला तर नळी निसटते, आटे वाचतात. हाताने पूर्ण बसल्यावर मगच पाना, आणि तोही अर्धा फेरा, बस. मी तरुणपणी पंपाचा प्लग ताकद लावून आवळला होता, आटेच गेले. चूक माझीच. नवीन आटे पाडून घ्यायला प्लगच्या कितीतरी पट पैसे गेले, ते अजून आठवतात.

सगळं मिळून दीड तास. परवा फोन आला, ॲव्हरेज चव्वेचाळीस.

आता माझं मत. मेकॅनिकला शिव्या देऊन उपयोग नाही. आतला प्लग काढायला त्याचा अर्धा तास जातो आणि आपण मजुरी देतो दोन मिनिटांची. मग तो दिसणाराच बदलणार. गॅरेजात द्यायची असेल तर आतल्या कामाचे वेगळे पैसे द्या आणि दोन्ही जुने प्लग हातात मागून घ्या. ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याने तरी हे काम एकदा स्वतः करून बघावं. पान्याला जोर लावायची सवय असेल तर मात्र नका करू. आणि गाडी बनवणाऱ्यांनी दोन-तीन प्लग द्यावेत, पण मालकाचा हात पोचेल अशी जागाही ठेवावी. नाहीतर वाचवलेलं पेट्रोल शेवटी तिथंच जळतं.

तुमच्या गाडीला प्लग किती, आणि दुसरा शेवटचा कधी बदलला? आधी खाली वाकून बघा, मग लिहा.