पाटाचें पाणी व परस्परविश्वास

सभासद एकमेकांवर विश्वास ठेवीत नाहींत, अशी तक्रार सहकारी मंडळ्यांचे चालक वारंवार करितात. आमच्या मतें तिचें उत्तर पांझरा व मोसम या नद्यांवरील जुन्या फड पद्धतींत आहे. तेथें एका फडांत एकच पीक घेत; पाणी शेतकऱ्यानें स्वतः न घेतां पाटकऱ्यानें द्यावयाचें असे. पाणी अपुरें पडल्यास एखादा फड पडीत ठेवीत. जमिनी बहुधा निरनिराळ्या फडांत असल्यामुळें तोटा सर्वांस वांटून जाई. अशा उघड व समान व्यवस्थेंतूनच विश्वास उपजतो. म्हणून चालकांनीं आपली पाळी शेवटीं घ्यावी व हिशेब सभेंत वाचून दाखवावा. जेथें चालकाचेंच शेत आधीं भिजतें, तेथें अविश्वास हा सभासदांचा दोष नव्हे.