कर्ता कोठें गेला?

फ्रेंच भाषेवर एक आरोप वरचेवर ऐकूं येतो : तिच्या रोजच्या बोलण्यांत कर्ता दडून बसतो. कर्तव्य सांगतांना फ्रेंच माणूस ‘मी’ न म्हणतां ‘इल फो’, म्हणजे ‘करणें भाग आहे’, असें म्हणतो. ‘आम्ही’ऐवजीं ‘ओं’ म्हणतो. हे प्रयोग जबाबदारी टाळणाऱ्यांचे, असा निकाल देणारे शिक्षकही आहेत. हा निकाल साफ चुकीचा आहे.

‘इल फो’ ज्या क्रियापदाचें रूप, त्या ‘फालवार’ला तृतीयपुरुषी एकवचनाखेरीज रूपच नाहीं. त्यांतला ‘इल’ इतका पोकळ, कीं बोलतांना तो गळून नुसतें ‘फो’ उरतें. पण कर्तव्य गळत नाहीं! आपल्या ‘मला गेलें पाहिजे’ ह्या वाक्यांतही क्रियापद कर्त्याच्या मागें जात नाहीं. म्हणून मराठी माणूस पळपुटा ठरतो काय?

‘ओं’ तर लॅटिन ‘होमो’पासून, म्हणजे मनुष्यवाचक शब्दापासून, आलेला. इ. स. ८४२ मधील स्ट्रासबूर्गच्या शपथा हा फ्रेंचचा आद्य लेख मानतात. तेथें लुई राजा भाऊ शार्ल याला, मनुष्यानें भावाचें रक्षण न्यायानें जसें करावें तसें करण्याचें वचन देतो. आणि त्यांतील ‘मनुष्य’ म्हणजे ह्याच ‘ओं’चें पूर्वरूप. पळवाटेचा शब्द शपथेंत कोण घालील?

‘ओं’च्या आड लपणारे अधिकारी आहेत, हें खरें, पण तो दोष लपणाऱ्यांचा. ‘इल फो’ पहिल्याच आठवड्यांत शिकवावें. जबाबदारीचा धडा व्याकरणाबाहेर द्यावा.