खड्डा बुजेल, इतिहासाचे काय?

२०२५ च्या मार्च महिन्यात मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाच्या परिसरातील शेतांत रात्रीच्या अंधारात गावकऱ्यांचे जथे कुदळी, फावडी आणि धातुशोधक यंत्रे घेऊन उतरले. संभाजी महाराजांवरील चित्रपट नुकताच गाजला होता आणि या मातीत मोगलांची सोन्याची नाणी सापडतात, अशी वदंता पसरली होती. १६८१ च्या आरंभी मराठी फौजेने बऱ्हाणपूर लुटले, हे इतिहाससिद्ध आहे. त्या शहरात मोगलांची टांकसाळ होती, हेही खरे. त्यामुळे वदंतेला इतिहासाचा आधार मिळाला आणि शेतांची चाळण झाली. वर्तमानपत्रांतून या प्रकाराची यथेच्छ थट्टा झाली. परंतु भोळ्या माणसांच्या लोभाला हसून हा विषय संपत नाही. जमिनीखालचा ठेवा कोणाचा आणि तो कोणी, कसा काढावा, या प्रश्नाचे उत्तर आपण गंभीरपणे शोधलेलेच नाही.

इंग्लंड-अमेरिकेत धातुशोधक यंत्र घेऊन माळरानांतून आणि सार्वजनिक उद्यानांतून हिंडणे हा हजारो लोकांचा छंद आहे. त्या छंदाचा एक शिष्टाचारही आहे. यंत्राने हाक दिली की हिरवळ तीन बाजूंनी कापायची, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून ती उलटायची, माती कापडावर काढून ठेवायची, नाणे मिळाले की तीच माती परत भरून हिरवळ पायाने दाबायची. दुसऱ्या दिवशी माळ्यालाही पत्ता लागू नये, यात त्या छंदिष्टाचे कौशल्य. सार्वजनिक मालमत्तेविषयीची ही जाण आपल्याकडे दुर्मीळ आहे आणि तिचे कौतुकच केले पाहिजे. उद्यानाच्या वरच्या थरातले, कोणाच्या खिशातून पडलेले एखादे सुटे नाणे अशा रीतीने काढल्याने फारसे बिघडत नाही. मात्र ही नीटनेटकी रीत गवताची काळजी घेते, इतिहासाची नव्हे. गवत पुन्हा रुजते. एकदा मोडलेला मातीचा थर पुन्हा रचता येत नाही.

नाण्याचे मोल केवळ त्याच्या धातूत नसते. ते कोठे, किती खोल, कशात आणि कोणत्या नाण्यांच्या संगतीत पडले होते, यात त्याचे खरे मोल असते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच नाशिक जिल्ह्यात आहे. १९०६ साली जोगलटेंभी येथे क्षत्रप नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. सातवाहनांनी नहपानाचा पराभव करून त्याचेच चलन आपल्या नावाने चालवले, याचा इतका बोलका पुरावा दुसरा नाही. असे एखादे नाणे सुटे मिळाले असते तर ते संग्राहकाच्या कपाटातील एक नवल ठरले असते. हजारो नाणी एकत्र मिळाली आणि अभ्यासकांच्या नजरेखालून गेली, म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासातील एक सत्तांतर त्यांतून उभे राहिले. तोच साठा रातोरात वाटला जाऊन सोनाराच्या मुशीत गेला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

माणसाने प्रामाणिक राहावे, हा उपदेश सोपा आहे. पण प्रामाणिकपणाला व्यवस्थेचा आधार लागतो. १९९२ साली सफोक परगण्यातील हॉक्सन या गावी एक गृहस्थ मित्राची हरवलेली हातोडी यंत्राने शोधत होता. त्याला रोमन काळातील सोन्याचांदीचा साठा लागला. सारे काही उपसून काढण्याऐवजी त्याने खोदणे थांबवून कळवले. पुरातत्त्वज्ञांनी तो साठा जागेवरूनच उचलला, म्हणून लाकडी पेटीत कोणती वस्तू कशी ठेवली होती हेही समजले. जवळजवळ १५,००० नाण्यांचा हा साठा आज ब्रिटिश संग्रहालयात आहे, आणि ती हातोडीही. शोधकाला सतरा लाख पन्नास हजार पौंड मिळाले. याउलट २०१५ साली हेरफर्डशायरमध्ये दोघा शोधकांनी व्हायकिंग काळातील साठा दडवून परस्पर विकायला काढला. त्यातील नाण्यांवरून वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ या दोन राजांच्या युतीवर प्रकाश पडतो. पण सुमारे ३०० नाण्यांपैकी थोडीच हाती लागली. २०१९ मध्ये त्या दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, तरी विखुरलेली नाणी शिक्षेने परत येत नाहीत.

या अनुभवातून इंग्लंड आणि वेल्स यांनी जी व्यवस्था उभारली तिचा विचार आपण केला पाहिजे. संरक्षित स्मारकांच्या जागी परवानगीवाचून यंत्र वापरणे तेथे १९७९ च्या कायद्याने गुन्हा ठरले. १९९६ च्या कायद्यान्वये निधी सापडल्यास चौदा दिवसांत कळवावे लागते. संग्रहालयाने तो घेतला तर बाजारभावाइतके बक्षीस मिळते आणि ते सामान्यतः शोधक आणि जमीनमालक यांच्यात वाटले जाते. शिवाय ठिकठिकाणी नेमलेले अधिकारी सामान्य लोकांकडील लहानसहान वस्तूंची नोंद करून वस्तू परत देतात. अशा पंधरा लाखांहून अधिक नोंदी जमल्या आहेत. त्या देशात चोऱ्या होत नाहीत असे नाही. परंतु खरे बोलणाऱ्याला तेथे नुकसान सोसावे लागत नाही.

आपला निखात निधीचा कायदा १८७८ सालचा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवणे त्याने बंधनकारक केले. न कळवल्यास हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्या काळी दहा रुपये ही रक्कम होती. आज ती एका चहाची किंमत आहे. त्याहून मोठी उणीव मोबदल्याची आहे. सरकारने निधी घ्यायचे ठरवले तर वस्तूतील धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश एवढेच द्यावे, असे हा कायदा सांगतो. म्हणजे सातवाहनांचे नाणे आणि तेवढ्याच वजनाची चांदीची तार कायद्याच्या तराजूत जवळपास सारखीच! नांगराला हंडा लागलेल्या शेतकऱ्याने कचेरीत जाऊन जबाब, पंचनामा आणि हेलपाटे पत्करावेत व शेवटी मोडीचा भाव घ्यावा, अशी आपली अपेक्षा आहे. तो गुपचूप सराफाकडे गेला तर दोष केवळ त्याचा नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, केवळ बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही. गड, लेणी आणि प्राचीन वसाहतींच्या जागी यंत्र घेऊन हिंडण्यास सक्त मनाई हवीच. ते यंत्र आता घरबसल्या मागवता येते, हे विसरून चालणार नाही. परंतु त्याबरोबर कायद्यातील मोबदला वस्तूच्या ऐतिहासिक मोलाशी जोडावा, तो ठरावीक मुदतीत द्यावा आणि प्रत्येक जिल्ह्यात कळवणाऱ्याला चोर न समजता त्याचे आभार मानणारा एक जाणता अधिकारी नेमावा. अंजनेरीसारख्या ठिकाणी नाणकशास्त्राच्या अभ्यासाची संस्था महाराष्ट्रात आहे; तिच्यासारख्यांची मदत घेता येईल. आणि नागरिकांनी एवढेच पथ्य पाळावे: एकाहून अधिक नाणी दिसली की कुदळ खाली ठेवावी. पुढचे काम जाणत्यांचे आहे. जमिनीने शतकानुशतके जे सांभाळले, ते एका रात्रीच्या घाईने उधळण्याचा अधिकार कोणालाच नाही.